मेलानोमा पसरतो तेव्हा रक्तात काय काय उमटतं?

‘रक्ताच्या एका चाचणीत पन्नास कॅन्सर ओळखा’ या धर्तीची बातमी दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. ती वाचून काही जण लगोलग लॅबला फोन लावतात, काही जण ‘पैसे उकळायचे धंदे’ म्हणून पुढे सरकतात. या गडबडीत एक बाजू मागे पडते. धडधाकट माणसात लपलेला कॅन्सर हुडकणं रक्ताच्या चाचणीला अजून नीट जमलेलं नाही. पण कॅन्सर झालाय आणि पसरलाय हे ज्याच्या बाबतीत ठाऊक आहे, त्याच्या शरीरात नेमकं काय चाललंय, कुठला अवयव कसा वागतोय, औषध लागू पडतंय का, हे मात्र रक्त बऱ्यापैकी सांगू लागलंय.

हे समजून घ्यायला मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर सोयीचा आहे. एक तर तो पसरला की त्याच्या खुणा रक्तात सापडतात. दुसरं म्हणजे २०११ पासून त्याच्या उपचारांचं चित्र पार पालटलं. त्याआधी अवयवांत पसरलेल्या मेलानोमाचे निम्म्याहून जास्त रुग्ण वर्षभरही काढत नसत. नंतर प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधं आली. त्यातली इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही दोन एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षं जगण्याचं प्रमाण ४३ टक्के निघालं. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला. बाकीच्यांचं काय? आणि कोण कुठल्या गटात जाणार, हे आधी कसं ओळखायचं? नुसत्या स्कॅनवरून ते कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी रक्त बारकाईने वाचायला घेतलं.

सगळे त्वचेचे कॅन्सर सारखे नसतात

आपल्या त्वचेत मेलानोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात. गोरा, गव्हाळ, सावळा हा सगळा त्यांचा कारभार. या पेशी बेबंद वाढू लागल्या की मेलानोमा होतो. त्वचेचे इतर कॅन्सर जास्त जणांना होतात, पण ते बहुधा जागेवरच रेंगाळतात. मेलानोमा संख्येने थोडा, तरी त्वचेच्या कॅन्सरमुळे होणाऱ्या मृत्यूंत सर्वांत मोठा वाटा त्याचाच. जाडी अजून मिलिमीटरमध्ये मोजावी लागते, इतका लहान असतानाही तो काखेतल्या-जांघेतल्या गाठींत, तिथून फुप्फुसं, यकृत, हाडं, मेंदू असा पोचू शकतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्याचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे, कारण गोरी कातडी आणि रणरणतं ऊन. भारतात तो दुर्मिळ. वर्षाला लाखात एकालाही होत नाही. पण आपल्याकडे होतो तेव्हा बरेचदा भलत्याच जागी होतो : तळपायाला, तळहाताला, नखाखाली. तिथे उन्हाचा फारसा संबंध नसतो. टाचेवरचा काळा डाग ‘भोवरी असेल’ म्हणून आणि नखाखालची काळी रेघ ‘ठेच लागून रक्त साकळलंय’ म्हणून महिनोन्‌महिने तशीच राहते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यालाही फुटबॉल खेळताना लागलंय असंच आधी वाटलं होतं. नखाखालचा मेलानोमा होता तो. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

गाठ एका जागी, बोभाटा सगळीकडे

नदीच्या पुलावर उभं राहून नुसतं पाणी पाहिलं तरी वरच्या अंगाला काय चाललंय याचा अंदाज येतो. साखर कारखान्याने मळी सोडली असेल तर पाणी काळपट आणि घाण वास मारणारं. घाटात पाऊस झाला असेल तर गढूळ. रक्ताचंही तसंच. ते मिनिटाभरात अख्ख्या शरीराची फेरी मारतं आणि वाटेतल्या प्रत्येक अवयवाचं काही ना काही घेऊन पुढे जातं. दंडातून काढलेल्या दहा मिलिलिटर रक्तात यकृताचं, अस्थिमज्जेचं आणि गाठीचं सगळं मिसळलेलं असतं. कोणतं कुणाचं, हे ओळखणं तेवढं अवघड.

रक्तातले डीएनएचे तुकडे, प्रथिनं, साखर-चरबी-अमिनो आम्लांसारखे लहान रेणू अशा शेकडो-हजारो गोष्टी एकदम मोजायच्या आणि त्यांचा एकत्रित नकाशा काढायचा, याला ‘मॉलिक्युलर प्रोफाइलिंग’ म्हणतात. इथून पुढे मी त्याला रेणू-नकाशा म्हणेन.

या नकाशातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की त्यातला बराचसा भाग कॅन्सरच्या पेशींनी बनवलेलाच नसतो. तो आपल्याच अवयवांनी बनवलेला असतो, गाठीला दिलेलं उत्तर म्हणून. इंटरल्युकिन-६ हे निरोप पोचवणारं प्रथिन घ्या. ते काही प्रमाणात गाठ सोडते, काही प्रमाणात तिच्याभोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी सोडतात. ते यकृतापर्यंत पोचलं की यकृत सीआरपी हे प्रथिन भराभर बनवू लागतं आणि अल्ब्युमिनची निर्मिती मागे पडते. रिपोर्टवर सीआरपी वर आणि अल्ब्युमिन खाली असं दिसतं. यकृतात गाठ नसली तरीही दिसतं.

अस्थिमज्जेचं काम पांढऱ्या पेशी बनवण्याचं. पसरलेल्या कॅन्सरमध्ये ती न्यूट्रोफिल जास्त सोडू लागते आणि त्या मानाने लिम्फोसाइट कमी पडतात. कॅन्सरच्या पेशी मारायच्या त्या लिम्फोसाइटनी, त्यामुळे हे प्रमाण बिघडणं चांगलं लक्षण नव्हे. यासाठी महागडी चाचणी लागत नाही. साध्या सीबीसीच्या कागदावर हे दोन आकडे एकाखाली एक छापलेले असतात. न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागायचं, एवढाच भागाकार. २०१२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं, की मेलानोमाच्या पेशी सोडत असलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या अस्थिमज्जेत जाऊन तिथल्या पेशींचं वागणंच बदलतात आणि त्या पेशी कॅन्सरला पसरायला हातभार लावतात.

आणि मग भूक. पसरलेल्या कॅन्सरचा माणूस जेवत नाही, वाळत जातो. घरातले ‘दोन घास तरी बळे खा’ म्हणून मागे लागतात. त्याने ताट सरकवलं की चिडतात, नंतर आपणच चिडलो म्हणून रडतात. जीडीएफ-१५ नावाचं एक प्रथिन गाठीतून आणि ताण पडलेल्या इतर अवयवांतून रक्तात येतं आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या एका ठरावीक ग्राहकावर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या रिसेप्टरवर, जाऊन बसतं. तो ग्राहक २०१७ मध्ये सापडला. हे प्रथिन वाढलं की अन्नाची शिसारी येते, मळमळतं, वजन उतरतं. मेलानोमाच्या रुग्णांतही ते वाढलेलं आढळतं. ताट सरकवणं हा हट्ट नसतो. बऱ्याच अंशी रक्तातल्या रेणूचं काम असतं. माझ्या मते घरच्यांच्या दृष्टीने रेणू-नकाशातली सगळ्यात उपयोगी माहिती कुठली असेल तर ती हीच, आणि ती त्यांना क्वचितच कुणी सांगतं.

मेलानोमाची खास स्वतःची अशीही एक खूण आहे. रंगद्रव्य बनवायचा कच्चा माल रक्तात सांडतो. आजार फार वाढलेल्या काही रुग्णांची लघवी थोडा वेळ उघडी राहिली की काळी पडते, आणि अत्यंत विरळा माणसात सगळी त्वचाच पाटीसारखी करडी होते. जपानमध्ये या कच्च्या मालातला एक रेणू रक्तात मोजायची पद्धतही आहे.

एलडीएच : जुनं, स्वस्त आणि अजून टिकून

नव्या यंत्रांच्या आधीपासून वापरात असलेली मेलानोमाची रक्तचाचणी म्हणजे एलडीएच. हे पेशींमधलं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. पेशीला प्राणवायू कमी पडला की ती साखरेपासून लॅक्टेट बनवते, तेव्हा हे लागतं. कॅन्सरच्या पेशी प्राणवायू मुबलक असतानाही हाच उधळा मार्ग धरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं. अशा पेशी भरपूर वाढल्या आणि मरून फुटल्या की एलडीएच रक्तात वाढतं.

साध्या लॅबमध्येही होणाऱ्या या चाचणीचं वजन एवढं, की मेलानोमाचे टप्पे ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ती अधिकृतपणे आहे. २०१८ पासून लागू असलेल्या आवृत्तीत चौथ्या टप्प्याच्या प्रत्येक उपगटापुढे ‘एलडीएच वाढलंय की नाही’ याची स्वतंत्र खूण लिहितात. एकाच जागी पसरलेल्या दोन रुग्णांत ज्याचं एलडीएच वाढलेलं, त्याची वाट सहसा बिकट.

पण हे विकर यकृतात आहे, स्नायूंत आहे आणि तांबड्या पेशींत तर ठासून भरलेलं आहे. सुई नीट न लागल्याने रक्त जोरात खेचलं, ट्यूब दणादणा हलवली किंवा तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून शहरापर्यंत उन्हात आणली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि एलडीएच उगाच चढतं. अशा ट्यूबमधलं वरचं पिवळसर पाणी गुलाबी दिसतं. चांगली लॅब रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सॅम्पल हिमोलाइज्ड’ असं लिहिते. ती ओळ न वाचता आकडा पाहून रात्रभर जागणारे कमी नाहीत.

रक्तात तरंगणारे डीएनएचे तुकडे

पेशी मरते तेव्हा तिचा डीएनए तुटून रक्तात येतो. हे १९४८ पासून माहीत आहे. तुकडे साधारण १६६ अक्षरांचे असतात. संशोधक डेनिस लो यांनी १९९७ मध्ये गरोदर आईच्या रक्तात बाळाच्या डीएनएचे तुकडे दाखवून दिले. त्यावरूनच पुढे बाळाच्या गुणसूत्रांची ती तपासणी आली, जी आता आपल्याकडच्या शहरांतही सुचवली जाते. कॅन्सरमध्ये युक्ती तीच. बाळाऐवजी गाठीचे तुकडे शोधायचे.

ते ओळखायचे कसे? गाठीच्या डीएनएत अशी एखादी चूक असते, जी निरोगी पेशींत नसते. पाश्चात्त्य देशांतल्या त्वचेच्या मेलानोमांपैकी जवळपास निम्म्यांत बीआरएएफ या जनुकात चूक असते. ती २००२ मध्ये सापडली. तिच्यामुळे पेशीला ‘वाढ, वाढ’ हा संदेश अखंड मिळत राहतो. हा संदेश तोडणारं पहिलं औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. रक्ताचा नमुना सुमारे वीस हजार सूक्ष्म थेंबांत विभागून प्रत्येक थेंबात ही चूक आहे का, हे यंत्र तपासतं. हजार निरोगी तुकड्यांत एक गाठीचा असला तरी तो पकडता येतो.

या तुकड्यांचं आयुष्य अगदी थोडं. तासा-दोन तासांत निम्मे नाहीसे होतात. म्हणजे आज सकाळी घेतलेल्या रक्तात दिसतो तो आजचा हिशेब. स्कॅनवर मात्र गाठीचा आकार दिसतो, आणि आकार बदलायला आठवडे जातात. कधी कधी तर तो फसवतो. प्रतिकारशक्तीचं औषध सुरू केल्यावर लढणाऱ्या पेशी गाठीत घुसतात, गाठ सुजते आणि स्कॅनवर आजार वाढल्यासारखा दिसतो. इथे औषध थांबवावं तर चालू असलेली लढाई अर्धवट सुटते. चालू ठेवावं आणि आजार खरोखरच वाढत असेल, तर वेळ गेला.

ऑस्ट्रेलियातून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास नेमका याच पेचावर होता. स्कॅनवर आजार वाढलेला दिसत होता अशा २९ रुग्णांपैकी ९ जणांची वाढ खोटी निघाली. या नऊही जणांच्या रक्तात गाठीचा डीएनए एक तर सापडत नव्हता किंवा दहा पटींहून जास्त उतरला होता. ज्यांची वाढ खरी होती त्या २० पैकी १८ जणांत असं झालं नव्हतं. आकडे लहान आहेत, एवढ्यावर जगभरचे नियम बदलत नाहीत. पण रक्त कुठे कामी येतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

प्रथिनांच्या गर्दीत

डीएनए सांगतो गाठीबद्दल. शरीर कसं झुंजतंय हे बघायचं तर प्रथिनं आणि लहान रेणू मोजायला हवेत, आणि ते फार कटकटीचं काम आहे. रक्तातल्या प्रथिनांत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा. मघाशी आलेलं इंटरल्युकिन-६ त्याच्या तुलनेत साधारण एक हजार कोटी पटींनी कमी. आता एकाच नमुन्यातून हजारो प्रथिनं मोजणाऱ्या पद्धती आल्यात, त्यामुळे हे शक्य झालं.

त्यातून काही धागे हाती लागले. उपचाराआधी रक्तात इंटरल्युकिन-८ जास्त असेल, तर प्रतिकारशक्तीची औषधं कमी चालतात, असं २०२० मध्ये वेगवेगळ्या कॅन्सरच्या रुग्णांत दिसलं. हे प्रथिन न्यूट्रोफिलना गाठीकडे बोलावतं, आणि तिथे जमलेल्या या पेशी लिम्फोसाइटना काम करू देत नाहीत. सीबीसीतल्या त्या भागाकाराची मागची गोष्ट इथे जुळते.

‘मग तो रेणूच दाबून टाका ना!’

हा प्रश्न शहाणा आहे आणि संशोधकांनाही तो पडला होता. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल आपल्याला दूध, डाळी, दाण्यांतून मिळतं. काही गाठींत एक विकर त्याचं कायन्युरेनिनमध्ये रूपांतर करतं. ट्रिप्टोफॅन कमी पडलं आणि कायन्युरेनिन वाढलं की लिम्फोसाइट मरगळतात. रक्तात या दोघांचं प्रमाण बिघडलेल्या मेलानोमा रुग्णांची गत वाईट होते, असंही दिसलं. मग ते विकर अडवणारं एपॅकॅडोस्टॅट नावाचं औषध आलं. सुरुवातीच्या लहान चाचण्यांतून मोठी आशा वाटली. सातशेहून अधिक मेलानोमा रुग्णांवर मोठी चाचणी झाली, आणि २०१८ मध्ये निकाल आला : प्रतिकारशक्तीला चालना देणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅब या औषधासोबत एपॅकॅडोस्टॅट दिल्याने काडीचाही फायदा झाला नाही.

रक्तातला एखादा आकडा आजाराबरोबर चढतो-उतरतो, याचा अर्थ तोच आजार चालवतो असा होत नाही. रेणू-नकाशावर आधारलेलं कुठलंही नवं औषध किंवा ‘सप्लिमेंट’ कुणी समोर ठेवलं, की मला एपॅकॅडोस्टॅट आठवतं.

‘रक्तातून सगळं कळतं तर सुई कशाला टोचायची?’

‘बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे घराघरांत आहे, म्हणून रक्ताची चाचणी ऐकली की लोकांना हायसं वाटतं. मेलानोमाच्या डागाचा तुकडा काढल्याने आजार पसरतो याला आधार नाही. उलट तुकडा काढलाच नाही तर रक्तात कोणती चूक शोधायची, हेच कळत नाही.

तळपायाच्या मेलानोमात हे फारच महत्त्वाचं ठरतं. त्यात बीआरएएफची चूक बरीच कमी आढळते. काहींत केआयटी या दुसऱ्याच जनुकात असते. गोऱ्या रुग्णांना समोर ठेवून बनवलेली, फक्त बीआरएएफ शोधणारी चाचणी अशा रुग्णावर वापरली तर रिपोर्ट कोरा येईल, आणि गाठ मात्र टाचेत वाढत असेल. प्रतिकारशक्तीची औषधंही या प्रकाराला तुलनेने कमी दाद देतात. त्यामुळे परदेशातल्या अभ्यासांतले टक्के आपल्या रुग्णाला जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत.

‘दरवर्षी एकदा करून टाकू?’

नको. भारतात मेलानोमा वर्षाला लाखात एकाला होतो असं धरा, आणि चाचणी निरोगी माणसांपैकी फक्त शंभरातल्या एकाला चुकीने दोषी ठरवते असं समजा. लाख लोकांची तपासणी केली तर हजारेक निरोगी लोक घाबरून स्कॅनच्या रांगेत उभे राहतील, त्या एका खऱ्या रुग्णासाठी. तोही सापडेलच असं नाही, कारण सुरुवातीच्या छोट्या डागातून रक्तात फारसं काही उतरतच नाही. त्यापेक्षा अंघोळीच्या वेळी तळपाय आणि नखं उजेडात पाहणं फुकट आहे.

‘मेंदूत गेला तर रक्तात दिसेल?’

बरेचदा नाही. मेंदू आणि रक्त यांच्यात एक काटेकोर पडदा असतो. फक्त मेंदूत गाठी असतील तर त्यांचा डीएनए रक्तात फारसा येत नाही. रक्त स्वच्छ आणि एमआरआयवर गाठ, असं घडू शकतं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचा मेलानोमा २०१५ मध्ये यकृतात आणि मेंदूत पोचला होता. वय नव्वद. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब यांवर ते सावरले आणि २०२४ मध्ये, शंभरी ओलांडून गेले. आता मेंदूत आजार असला म्हणून सगळं संपलं असं राहिलेलं नाही, आणि म्हणूनच रक्ताच्या भरवशावर एमआरआय टाळणं धोक्याचं.

जाता जाता एक. ही औषधं चालू असताना अंगावर कोडासारखे पांढरे डाग उमटले तर घरचे हादरतात. प्रतिकारशक्तीने मेलानोसाइट ओळखून मारायला घेतल्याची ती खूण असते. असे डाग आलेल्या मेलानोमा रुग्णांची तब्येत सरासरीने इतरांपेक्षा बरी राहते. डॉक्टरांना दाखवा जरूर, पण स्वतःहून औषध बंद करू नका.

आपल्याकडे याचा उपयोग कधी?

गाठीच्या डीएनएवर लक्ष ठेवायची चाचणी काही खासगी लॅबमध्ये मिळते, पण ती स्वस्त नाही आणि निव्वळ तिच्या जोरावर उपचार बदलणं हे अजून सर्वमान्य झालेलं नाही. तरी मला तिची गरज श्रीमंत देशांपेक्षा आपल्याला जास्त वाटते. प्रतिकारशक्तीच्या औषधांचा खर्च लाखांत जातो, घर गहाण पडतं. औषध चालत नाहीये हे तीन महिन्यांच्या स्कॅनऐवजी सहा आठवड्यांत कळलं, तर वाचणारे पैसे आणि टळणारे दुष्परिणाम दोन्ही खरे आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी निवोलुमॅबचा जेमतेम २० मिलिग्रॅमचा डोस वापरून फायदा दाखवला गेलाय. असा कमी डोस मेलानोमात पुरेल का, हे तपासायचं झालं तर रक्तातल्या या खुणा फार कामी येतील.

तोवर ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी एवढं करावं. एलडीएच आणि सीबीसी प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये करावं, कारण प्रत्येक लॅबची सामान्य मर्यादा वेगळी असते. सगळे रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. मध्ये ताप आला होता का, स्टेरॉइड चालू होतं का, हे त्या-त्या कागदावर पेनाने लिहावं. स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात आणि भागाकार बिघडतो. आणि डॉक्टरांना एका आकड्याचा अर्थ विचारण्यापेक्षा मागच्या तीन आकड्यांचा विचारावा.